वाचणारे हात लिहिते झाले पाहिजेत

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जी पुस्तकांची दुकाने लागतात, त्यांचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. पोटाला चिमटा घेऊन आलेला माणूस परत जाताना पिशवीत बाबासाहेबांचे एक तरी पुस्तक नेतो. नांदेडकडे येणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात अशा पिशव्या आम्ही पाहिल्या आहेत, आमच्या मांडीवरही त्या असायच्या. पुस्तक विकत घेऊन वाचणारा असा दुसरा समाज दाखवा, असे आम्ही भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण एक प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारत नाही. हे जे वाचले जाते, त्यातून लिहिले किती जाते?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो नांदेड-लातूरकडच्या कॉलेजच्या मुलांत बसल्यावर. एका वसतिगृहात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी भेटला. 'जातिप्रथेचे विध्वंसन' त्याने दोनदा वाचले होते. लाहोरचे जात-पात तोडक मंडळ, १९३६ साल, न झालेले भाषण, सारे त्याने बिनचूक सांगितले. आम्ही म्हणालो, "बाळा, हे पुस्तक तुझ्या गावात कुठे कुठे लागू पडते, ते एक पान लिहून दे." अर्ध्या तासाने कागद आला. त्यावर चार ओळी होत्या. बाबासाहेब महामानव होते, त्यांनी जातीवर प्रहार केला, आपण त्यांच्या मार्गाने चालले पाहिजे, वगैरे. गाव त्यात कुठेच नव्हते. मग आम्ही त्याला तोंडी विचारले. तेव्हा तो पंधरा मिनिटे थांबला नाही. पाण्याचा नळ, स्मशानाची वाट, सालगड्याचा हिशेब, लग्नाची वरात, सगळे त्याने सांगितले. तोंडात जे होते ते कागदावर येत नव्हते. दोष मुलाचा नव्हता. पंधरा वर्षांच्या शिक्षणात 'वाचलेस त्यावर तुझे काय म्हणणे आहे ते लिही' असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे असे का झाले? लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर गाजले. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी खेड्यापाड्यांतील मुलांना गुणवत्ता यादीत आणून पुण्या-मुंबईला चकित केले. आमच्या वस्त्यांतील मुलेही त्या वाटेने डॉक्टर-इंजिनिअर झाली. हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण आज या वाटेवर जी 'नीट' उभी आहे, ती ७२० गुणांची परीक्षा आहे आणि तीत एक वाक्यही लिहावे लागत नाही. चारातला एक गोल काळा करायचा. सोळा-सतरा वर्षांचे वय, मते बनण्याचे वय, गोल काळे करण्यात जाते. ज्यांना ही वाट परवडत नाही ते कला शाखेत येतात. तिथे सर नोट्स सांगतात, मुले उतरवून घेतात, परीक्षेच्या आधी गाईड आणि 'अपेक्षित' येते. त्यातलेच पेपरात उतरते. सरांना तरी किती बोल लावायचा? वर्गात शंभर मुले आणि शिकवणारा तासिका तत्त्वावरचा. त्याला तासाचे पैसे मिळतात, वह्या तपासण्याचे मिळत नाहीत. म्हणजे मूल वाचते तेही दुसऱ्याचे आणि लिहिते तेही दुसऱ्याचेच. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये जो विचार असतो, त्याची जागाच रिकामी राहते.

ही रिकामी जागा किती महाग पडते, हे गुलामांच्या मालकांना चांगले माहीत होते. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या साहित्याच्या मागे एक कायदा आहे. दक्षिण कॅरोलिनात १७४० साली गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड ठेवला गेला. वाचायला शिकवण्याचा उल्लेख त्या कलमात नव्हता. बायबल वाचणारा गुलाम मालकाला एक वेळ चालत होता. लिहिणारा गुलाम चालत नव्हता, कारण तो उत्तर देऊ शकतो. फ्रेडरिक डग्लस बाल्टिमोरच्या गोदीत सुतारांनी लाकडांवर टाकलेली अक्षरे पाहून लिहायला शिकला आणि १८४५ साली त्याने स्वतःची कहाणी छापली. मालकांची भीती खोटी नव्हती.

आमच्याकडेही तेच घडले. फुले दांपत्याच्या शाळेतील मातंग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद ज्यांच्या मालकीचे, त्यांना त्या शाळकरी मुलीने आपला धर्म कोणता असा सवाल केला. जोतिराव-सावित्रीबाईंनी तिला अक्षरे दिलीच, शिवाय त्या अक्षरांतून सवाल विचारण्याची मुभाही दिली. आजच्या आमच्या किती वर्गांत ही मुभा आहे?

वाचनातून लेखन कसे उभे राहते, याचा वस्तुपाठ तर खुद्द बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या वर्गात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. वर्ग मानववंशशास्त्राचा होता. हा निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. आम्ही त्याची जयंती-पुण्यतिथीला नावे घेतो, पण तो एका विद्यार्थ्याने वर्गासाठी केलेला गृहपाठ आहे, हे विसरतो. तो गृहपाठ कसा केला आहे ते पाहा. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघांच्या जातीच्या व्याख्या बाबासाहेब प्रथम समोरासमोर मांडतात. मग प्रत्येकीत काय जास्त झाले, काय राहून गेले ते दाखवतात. या लेखकांनी जात सुटी धरली, ती एका व्यवस्थेचा भाग आहे हे पाहिले नाही, ही त्यांची मुख्य हरकत. केतकरांना ते सर्वांत जास्त मान देतात आणि त्यांच्याशीच वाद घालतात. जातीत जन्मलेल्यांनाच सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे ते सिद्ध करतात. तिथून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा जातीशी असलेला संबंध ते उलगडत नेतात. शेवटी, माझे म्हणणे चुकीचे ठरवून दाखवा, मी ते सोडून देईन, असेही सांगतात.

यात चमत्कार काहीही नाही. दुसऱ्याचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडणे, त्यात उणे काय ते दाखवणे, मग आपले सांगणे आणि शंकेला दार उघडे ठेवणे, एवढ्याच या पायऱ्या आहेत. लोहा-कंधारच्या किंवा अहमदपूर-उदगीरच्या कोणत्याही मुलीला त्या शिकवता येतात. या पायऱ्या चढलेल्या विद्यार्थ्यानेच पुढे १९२० साली 'मूकनायक' काढला आणि 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने एकट्याने भरले. औरंगाबादच्या कॉलेजला त्यांनी मिलिंद हे नाव दिले, तेही नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या आणि उत्तर पटले की मान्य करणाऱ्या राजाचे. त्याच नागसेनवनातून पानतावणे सरांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले आणि मराठवाड्याची पोरे लिहिती झाली.

आता कोणी म्हणेल, सगळ्यांना कुठे लेखक व्हायचे आहे? लेखक होण्याचा प्रश्नच नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ न ठेवता वर्णनात्मक करण्याचे लोकसेवा आयोगाने ठरवले, तेव्हा २०२३ साली पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले आणि अंमलबजावणी २०२५च्या परीक्षेवर गेली. तयारीला वेळ मिळावा ही मागणी रास्तच होती. पण तो वेळ आता संपला आहे. निबंधाचे पान कोरे ठेवणारा मुलगा कितीही वाचलेला असो, तो मागे पडणार.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तोंडी दिलेली माहिती पोलिसांनी लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे, हे कलम ४ने अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले. जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात घटना लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी झाली का, हा मुद्दा खटल्याचा निकाल फिरवतो. हे कलम आमची मुले वाचतात, तोंडपाठ म्हणतात. पण गावात प्रसंग घडतो तेव्हा फिर्याद कोणीतरी दुसराच लिहितो, आणि जागा कोणती, समोर कोण होते, शब्द नेमके कोणते, हेच त्यात राहून जाते. पुस्तकात वाचलेले कलम स्वतःच्या हाताने फिर्यादीत उतरवता येत नसेल, तर ते वाचन संकटात आमच्या काय कामाचे?

म्हणून आमचे काही सांगणे आहे. ते प्राध्यापकांना आहे तसेच विहारांच्या अभ्यासिका चालवणाऱ्यांनाही आहे. पहिले, प्रत्येक मुलाने वाचनाची एक वही करावी. डाव्या पानावर लेखक काय म्हणतो ते आपल्या शब्दांत, पुस्तक मिटून लिहावे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले की ती नक्कल होते. उजव्या पानावर आपला प्रश्न, आपली हरकत, आपल्या गावातला दाखला लिहावा. उजवे पान कोरे राहिले तर ते पुस्तक अजून वाचायचे आहे असे समजावे. दुसरे, एकाच घटनेवरचे दोन मजकूर शेजारी ठेवावेत. एका बाजूला १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची हकिकत आणि दुसऱ्या बाजूला आपल्या गावच्या पाणवठ्याची आजची स्थिती घ्यावी, आणि त्यांतला फरक लिहावा. तिसरे, लिहिलेले एकदा मोठ्याने वाचून दाखवावे आणि पुन्हा लिहावे. पहिल्या खर्ड्यावर कोणीच थांबू नये.

आणि शिक्षकांना हात जोडून एक विनंती. मुलाने 'पानी' लिहिले, 'कामून' लिहिले, तर पहिल्याच दिवशी लाल शाईने ते रक्तबंबाळ करू नका. आधी त्याचे म्हणणे कागदावर येऊ द्या, ऱ्हस्व-दीर्घ मागून सुधारता येते. शुद्ध-अशुद्धतेच्या धाकाने या समाजाला शतकानुशतके गप्प बसवले आहे. लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिले, त्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्र. ई. सोनकांबळे सरांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये मराठवाड्याची बोली आहे. ही पुस्तके कोणी शुद्धलेखनाच्या भीतीने फाडली असती तर नुकसान कोणाचे झाले असते?

वह्या तपासणार कोण, हा प्रश्न राहतो. आमच्यात निवृत्त शिक्षक, बँकेचे आणि तहसीलचे निवृत्त कर्मचारी कमी नाहीत. नांदेड-लातूरच्या विहारांत रविवारी वंदना झाल्यावर एक तास त्यांनी द्यावा. दहा मुले, दहा वह्या. महिन्याकाठी त्यातले चांगले लेखन विहाराच्या भिंतीवर भित्तिपत्रक म्हणून लावावे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वर्षभराच्या वह्या येतात, हेही उत्सव समित्यांनी लक्षात घ्यावे.

विद्यापीठाच्या नावासाठी या नांदेड जिल्ह्याने टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे दिले, गौतम वाघमारे दिले. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ होऊन इथली महाविद्यालये त्या नावाच्या विद्यापीठातून बाहेर पडली. ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या मुलांच्या पदवीवर ते नाव आले नाही. ही सल आम्हाला आहे. पण पदवीवर नाव नसले तरी वहीत विचार असू शकतो, आणि तो तिथे उतरवणे आपल्याच हातात आहे.

वसतिगृहातल्या त्या मुलाने नंतर आम्हाला तीन पाने लिहून दाखवली. या वेळी त्यात गाव होते, नळ होता, स्मशानाची वाट होती. व्याकरणाच्या चुका होत्या. आम्ही त्या मोजल्या नाहीत. तुमच्याही घरात, वस्तीत असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. आज रात्री त्यांच्या हातात पुस्तकाबरोबर कोरी वही द्या, आणि उद्या सकाळी उजवे पान पाहायला मागा.

जयभीम!