गडचिरोलीत नेहमीचा, अमेरिकेत दुर्मीळ

अमेरिकेत १९८३ साली झालेल्या एका कायद्यात पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली आणि तिने दुर्मीळ आजाराची सीमारेषा आखून दिली. देशात दोन लाखांहून कमी रुग्ण असतील तर तो आजार दुर्मीळ. तिथे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण साधारण एक लाख. म्हणजे वॉशिंग्टनच्या कागदावर सिकलसेल दुर्मीळ ठरतो, आणि त्यावर औषध शोधणाऱ्या कंपनीला करसवलत व काही वर्षांची मक्तेदारी मिळते. युरोपचे माप निराळे आहे. तिथे दहा हजारांत पाचांहून जास्त रुग्ण नकोत. भारताचे दुर्मीळ आजारांविषयीचे धोरण २०२१ साली आले, पण त्यात असा आकडाच नाही. पुरेशी माहिती गोळा झालेली नाही, हे कारण.

धानोऱ्याच्या किंवा धडगावच्या आशाताईंना मात्र हा सगळा खल गमतीचा वाटेल. त्यांच्या हद्दीत ‘एसएस’ (पूर्ण रुग्ण) कोण, ‘एएस’ (नुसता वाहक) कोण, कुणाच्या घरी गोळ्या पोचवायच्या, हे त्यांना तोंडपाठ असते. आणि हा फरक बघायला समुद्र ओलांडायची गरज नाही. चंद्रपूरचा पोरगा चाकणच्या कंपनीत लागतो, थंडीच्या एखाद्या रात्रपाळीत त्याच्या मांड्या आणि पाठ ठणकू लागतात, आणि दवाखान्यात त्याला व्हायरल, संधिवात, अंगमेहनत अशी उत्तरे मिळतात. गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेने डोळ्यांचा पिवळेपणा बघून पहिल्या मिनिटात विचारले असते, सिकलसेलचे कार्ड आहे का? माझ्या मते या आजाराचे निम्मे दुखणे इथेच आहे. रक्तातला दोष सगळीकडे सारखा असतो, पण तो ओळखणारी नजर जिल्ह्याजिल्ह्याला बदलते.

डॉक्टरी इतिहासातही हा आजार आधी परदेशात ‘सापडला’. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन छापले. त्या पेशी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने. त्याचे नाव मागे राहिले. (वैद्यकशास्त्रातही शिकाऊंचे नशीब असेच.) नोएल मायदेशी परतला, त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो वारला. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये हा दोष आढळला. विदर्भाची नोंद १९५८ ची: नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. आजार त्याच्या कितीतरी आधीपासून इथे नांदत होता, हे सांगायला नकोच.

दोष आहे केवढासा? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये हे दाखवून दिले. त्याआधी १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले होते. एका जागेच्या या अदलाबदलीमुळे प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काठीसारखे ताठ होते आणि लालपेशी वाकडी होते. निरोगी लालपेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. वाकड्या, चिकट पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त पोचत नाही, आणि सुरू होते ते दुखणे. रुग्ण त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. शाळेत न गेलेली आजीही हा शब्द सहज वापरते.

एवढा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा, याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिले. आईबाबांपैकी एकाकडूनच हा जनुक मिळालेल्या मुलाला, म्हणजे ‘एएस’ला, जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. जिथे डास मुले मारत होते तिथे एएस मुले वाचली, मोठी झाली, त्यांना मुले झाली. महाराष्ट्रात मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण आजही गडचिरोलीत सापडतात. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघावेत. मात्र हे संरक्षण ‘एसएस’च्या वाट्याला येत नाही. आईबाबा दोघांकडून दोष मिळालेल्या या मुलाला मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो. आणि हा ‘आदिवासींचा आजार’ आहे हेही अर्धसत्यच. विदर्भात तो अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गांतही भरपूर आहे. डासाने जातीचा दाखला मागितला नव्हता.

बाळ जन्मते तेव्हा काहीच कळत नाही, कारण पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळते. सहा महिन्यांच्या आसपास हातापायांचे पंजे सुजतात, बाळ हात लावू देत नाही. पुष्कळ घरांत हीच पहिली खूण असते. या वयात मरण येते ते जंतुसंसर्गाने किंवा पानथरीत अचानक रक्त साठल्याने. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसले की रोज दोनदा पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात. जमैकात तर आयांनाच बाळाची पानथरी चाचपायला शिकवले गेले. पोटाच्या डाव्या बाजूला हात लावून ती वाढली आहे का ते बघायचे, वाढली असेल तर तडक दवाखाना गाठायचा. त्याने मृत्यू कमी झाले. पेनिसिलिन, लस आणि आईचा हात यांत महागडे काही नाही, पण बाळ एसएस आहे हे आधी माहीत पाहिजे.

शाळेचे वय सुरू झाले की गोष्ट पाण्यावर येते. शरीरातले पाणी कमी झाले की पेशी वाकड्या होण्याचा वेग वाढतो, म्हणून दिवसभर पाणी पीत राहणे हाच पहिला उपचार. पण याच आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. म्हणजे मूल पाणी जास्त पिते, त्याला लघवीलाही जास्त जावे लागते, आणि रात्री अंथरूण ओले होते ते आळसाने नव्हे. आता हे मूल चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या वर्गात, दर तासाला बाहेर जायची परवानगी मागणार. गुरुजी रागावणार. मुलगी असेल आणि शाळेतले संडास कुलूपबंद असतील तर ती पाणीच प्यायचे सोडून देणार. मैदानाला पाच फेऱ्या मारण्याची शिक्षा, नदीच्या गार पाण्यात पोहणे, हिवाळ्यात स्वेटरविना प्रभातफेरी या साध्या गोष्टी एखाद्याला आठवडाभर खाटेवर पाडू शकतात. सिकलसेलविषयी डॉक्टरांपेक्षा आधी मुख्याध्यापकांना शिकवावे, असे मला वाटत आले आहे.

दुखण्याचा पुरावा नसतो, ही आणखी एक अडचण. क्रायसिसमध्ये ताप असतोच असे नाही, एक्स-रेत काही दिसेलच असे नाही. वर्षानुवर्षे दुखणे सोसलेला तरुण ओरडतही नाही, मोबाइल बघत बसतो. मग ‘नाटक करतो’, ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ अशी कुजबुज होते. वास्तविक रुग्ण दुखते म्हणतो तेवढे दुखते असे धरूनच उपचार करायचे असतात, आणि छातीत दुखून दम लागत असेल तर घरी थांबायचेच नाही. आणखी एक चूक सर्रास होते: रक्त कमी दिसले की लोहाच्या गोळ्या. इथे लोह संपलेले नसते, पेशी फुटत असतात. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह आधीच जास्त साठलेले असते. त्याला लागते ते फॉलिक ॲसिड.

आणि हायड्रॉक्सियुरिया. ही काही रुपयांची कॅप्सूल मूळची कर्करोगाची. ती गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, आणि ते जितके जास्त तितके क्रायसिस कमी. अमेरिकेत १९९८ मध्ये तिला प्रौढांसाठी मान्यता मिळाली. भारतात कमी मात्रेनेही चांगला गुण येतो असे अनुभवास आले आहे. गुण यायला काही महिने लागतात, अधूनमधून रक्त तपासावे लागते आणि गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. घरातला शिकलेला मुलगा माहितीपत्रकावर कर्करोग शब्द वाचतो आणि गोळी बंद होते. कधी दवाखान्यातला साठाच संपतो, तरीही बंद होते.

या आजारावर महाराष्ट्रात दोन माणसांनी वर्षानुवर्षे पायाभूत काम केले, त्यांची नावे घ्यायला हवीत. पुण्याचे डॉ. सुदाम काटे आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्त तपासत राहिले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभारून रुग्णांना संघटित केले. त्यांची पद्मश्री २०१८ ची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला आणि परीक्षेत जादा वेळ मागायला कायद्याचा आधार मिळाला, तो अशा लोकांनी केलेल्या रेट्याच्या काळातच.

लग्नाचा विषय मात्र मला सरकारी भिंतीवरच्या घोषणेइतका सोपा वाटत नाही. आईबाबा दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. ‘प्रत्येक’ हा शब्द नेमका गळतो: पहिले मूल एसएस झाले, आता पुढची तीन सुखरूप, असे हिशेब लोक मांडतात. दुसरीकडे एएस म्हणजे आजार नव्हे, हे घरोघरी पोचलेलेच नाही. गावातल्या शिबिरात होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झाले की दोष आहे एवढेच कळते. एएस की एसएस हे कळते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीनंतर. मधल्या काळात गावभर होते, आणि स्थळे परत जातात ती बहुधा मुलीची. मुलाचे कार्ड कुणी मागत नाही. दोघे एएस असून लग्न करायचेच असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविकार संस्थेत ती होते. पण अहेरीहून मुंबई गाठायची तर आठवडे आधीच मोजून ठेवावे लागतात.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, बदलून, पुन्हा घालायच्या. विज्ञान थक्क करणारे आहे. तिथली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत अशाच उपचाराची स्वस्त वाट शोधली जात आहे. २०२३ मध्येच १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली: सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणीची वयोमर्यादा शून्य ते चाळीस.

दरम्यान एक नवी पिढी मोठी झाली आहे. पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरियामुळे जगलेली ही माणसे आता पंचविशीत खुब्याचा सांधा झिजल्यामुळे लंगडतात, पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन करून घेतात, बाळंतपणाला सामोरी जातात, बँकेत कर्ज मागतात, रात्रपाळी नको म्हणून साहेबांशी भांडतात. लहानपणी बालरोग विभागात त्यांना ओळखणारे डॉक्टर होते. अठरा पूर्ण झाली की ती फाइल घेऊन मोठ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभी राहतात, आणि तिथे नव्याने सगळे सांगायला सुरुवात करतात: एसएस आहे, एएस नव्हे, पूर्ण एसएस.