यकृताच्या कर्करोगानंतरची वेदना : सोसू नये, सांगावी

यकृताच्या कर्करोगावरील उपचार पुण्यात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात होतात. त्यानंतरचे दिवस मात्र रुग्णाला घरीच काढावे लागतात. शिरूर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. दौंडहून रेल्वेची सोय असली, तरी मध्यरात्री पोटात दुखू लागल्यास तज्ज्ञ डॉक्टर हाताशी नसतो. अशा वेळी घरात किंवा दुकानात मिळेल ती गोळी घेतली जाते. धोका नेमका येथेच आहे.

बहुतेक औषधांचे विघटन यकृतात होते. ते दुबळे झाले की औषध शरीरात अधिक काळ राहते. म्हणूनच शेजाऱ्याला मानवलेली गोळी या रुग्णाला अपायकारक ठरू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी रक्तस्राव होण्याचा व मूत्रपिंडांना इजा पोहोचण्याचा संभव असतो, त्या टाळाव्यात. पॅरासिटामॉल चालते, पण बेताने. अशा रुग्णांसाठी दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या, ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. नेमके प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. सर्दीच्या गोळ्यांतही हेच औषध असते, याचे भान ठेवावे.

गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार झाल्यावर ताप, मळमळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणे हा त्रास काही दिवस होतो व बहुधा आठवड्याभरात ओसरतो. कधी उजवा खांदाही दुखतो. त्याचे मूळ यकृतालगतच्या पडद्यात असू शकते. सोराफेनिबसारख्या गोळ्यांनी तळहात व तळपाय लाल होऊन सोलतात आणि जुलाब होतात. ऊसतोडीची किंवा खुरपणीची कामे तेव्हा बंद ठेवावीत, सैल पादत्राणे वापरावीत आणि डॉक्टरांना कळवावे. गोळी परस्पर बंद करू नये.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मान्यताप्राप्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनाशमनासाठी त्याचा पुरस्कार केला. २०१४ च्या कायदेदुरुस्तीने भारतातील त्याच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. यकृताच्या रुग्णाला ते अल्प मात्रेने व अधिक अंतराने दिले जाते. त्याने बद्धकोष्ठता होते, आणि शौचास साफ न झाल्यास दुबळ्या यकृतामुळे बुद्धिभ्रम संभवतो. म्हणून त्यासोबत रेचक घेणे अगत्याचे असते.

आहार थोडा थोडा, वारंवार असावा. डाळ, दूध, अंडी आपण होऊन बंद करू नयेत. पोटात पाणी झाले असल्यास लोणचे, पापड वर्ज्य करावेत. मद्य पूर्णतः सोडावे.

रक्ताची उलटी, काळे शौच, असंबद्ध बोलणे, वाढते पोट, कावीळ किंवा न उतरणारा ताप दिसताच तालुक्याचे शासकीय रुग्णालय त्वरित गाठावे. सोबत उपचाराचे कागद व चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत.

केवळ वेदना कमी करण्यासाठी झटणाऱ्या संस्थाही आहेत. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला उपशामक सेवा केंद्र कार्यरत आहे. मुकाट्याने सोसण्यात शौर्य नाही. दुखणे कोठे, केव्हा व किती होते हे वहीत टिपून डॉक्टरांना सांगणे, हा उपचाराचाच एक भाग होय.