फांद्यांमधले अंतर

ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतला की तो सगळा एकदम गोठत नाही. आधी त्यात स्फटिकांच्या काड्या उगवतात, काड्यांना दोन्ही बाजूंनी फांद्या फुटतात. कोकणात जामसंड्याच्या कुठल्याही परसात पडलेली माडाची झावळी पाहिली की हा आकार ध्यानात येतो. धातुशास्त्रात त्याला डेन्ड्राइट म्हणतात. झावळीची पाती दाट की विरळ हे जसे पाहावे, तसे इथे शेजारच्या फांद्यांमधले अंतर मोजतात. धातू त्या जागी किती झपाट्याने गोठला, हे त्यावरून कळते.

गोठण्याचा वेळ आठपट झाला की हे अंतर साधारण दुप्पट होते. सुमारे 7 टक्के सिलिकॉनच्या ए356 मिश्रधातूत, लोखंडी साच्यातल्या पातळ भिंतीत ते 20-30 मायक्रॉन असेल, तर वाळूच्या साच्यातल्या जाड भागात 60 च्या पुढेही जाते. अंतर कमी तिथे सच्छिद्रता बारीक आणि धातू जास्त चिवट. म्हणून वाळूच्या साच्यात हव्या त्या जागी लोखंडाचा चिल, म्हणजे उष्णता झटकन ओढून घेणारा ठोकळा, बसवतात. टायटॅनियम-बोरॉन घातल्याने कण बारीक होतात, फांद्यांमधले अंतर मात्र फारसे हलत नाही. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

नमुना ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या जागेवरूनच कापायचा. मग 240 पासून 1200 पर्यंतचे पॉलिशपेपर, त्यानंतर डायमंड पेस्ट. सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियमच्या फांद्या उजळ आणि त्यांच्यामधले सिलिकॉन काळपट दिसते. सरळ ओळीत सहा फांद्या सापडल्या, पहिलीच्या मध्यापासून सहावीच्या मध्यापर्यंत 150 मायक्रॉन भरले, तर मधली अंतरे पाच. म्हणजे 30 मायक्रॉन. सहाने भागण्याची चूक नवखा हमखास करतो.

संगणक हेच काम शेकडो चित्रांवर करतो. आधी 10 मायक्रॉनच्या खुणा असलेल्या काचपट्टीवरून प्रत्येक भिंगाचे प्रमाण ठरवावे लागते. मग विशिष्ट छटेपेक्षा उजळ ते ॲल्युमिनियम, बाकीचे सिलिकॉन, अशी विभागणी होते. पॉलिशचा ओरखडाही काळाच दिसतो आणि संगणक तिथे फांदी तोडतो. शिवाय तो चित्रभर आडव्या-उभ्या रेषा टाकून उजळ तुकड्यांची सरासरी रुंदी काढत असेल, तर तो आकडा फांद्यांमधल्या अंतराचा नव्हेच. तिरप्या कापलेल्या फांद्याही त्यात येतात. हाताने मोजलेल्या आकड्याशेजारी तो ठेवू नये.

घाटावर कोल्हापुरात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत, मुख्य काम बिडाचे. तिथे फांद्यांऐवजी बघायचे ते ग्रॅफाइट: पापुद्र्यांची लांबी, किंवा एसजी आयर्न या प्रकारच्या बिडात गोळ्यांची संख्या आणि गोलाई. आयएसओ 945 च्या तक्त्यांशी 100 पट मोठी प्रतिमा ताडून ग्रॅफाइटचा वर्ग ठरतो. बिडात एचिंग, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग कोरणे, न करताही ग्रॅफाइट ठळक काळे उठते, त्यामुळे संगणकाला हे सोपे जाते. फक्त पॉलिश करताना ग्रॅफाइट उपटून निघाले असेल, तर उरलेला खड्डाही तितकाच काळा असतो, आणि तोही ग्रॅफाइट म्हणूनच मोजला जातो.