रक्तवाहिन्यांचे चित्र आणि शिकलेला संगणक

हृदयाच्या धमनीत अडथळा आहे काय, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी कोठे अरुंद झाली आहे, हे पाहण्यासाठी डॉक्टर सीटी अँजिओग्राफी करावयास सांगतात. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य टोचले जाते व ते धमन्यांत पोहोचताच क्ष-किरणांनी मोजमाप घेतले जाते. ‘मोजमाप’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. सीटी यंत्र छायाचित्र टिपत नाही. निरनिराळ्या कोनांतून किती किरण शरीर भेदून पलीकडे गेले, एवढेच ते मोजते. त्या आकड्यांतून चित्र संगणक रचतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या शोधाबद्दल त्यांना व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यातील अडचण अशी. किरणांची मात्रा एक चतुर्थांश केली, तर चित्रातील दाणेदारपणा दुप्पट होतो. यंत्राचा विद्युतदाब १२० ऐवजी ८० किलोव्होल्ट ठेवल्यास आयोडीन अधिक उजळ दिसते. म्हणून ते कमी टोचून भागते. मूत्रपिंडे दुबळी असणाऱ्या रुग्णास हे मोलाचे असते. परंतु कमी दाबाने दाणेही वाढतात व बारीक धमन्या त्यांत हरवतात. जुनी गणनपद्धती जलद असली, तरी हे दाणे तसेच ठेवी. पुढे पुनःपुन्हा गणन करणाऱ्या पद्धती आल्या. त्यांनी दाणे कमी केले. मात्र त्यांचा जोर वाढविला की चित्र मेणासारखे गुळगुळीत दिसे.

‘डीप लर्निंग’ पद्धतीत संगणकास आधी शिकविले जाते. अपुऱ्या किरणांचे दाणेदार चित्र व त्याच भागाचे उत्तम चित्र, अशा असंख्य जोड्या त्याच्यापुढे ठेवतात. आपले उत्तर उत्तम चित्राशी जुळेपर्यंत तो अंतर्गत आकडेमोड सुधारीत जातो. अशा प्रणालींना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मान्यता दिली. त्यांमुळे कमी किरणांत व कमी आयोडीनमध्येही धमनीची कड स्पष्ट राहू शकते.

तथापि स्वच्छ चित्र म्हणजे सत्य चित्र, असे समजू नये. संगणक जे शिकला, त्याच्या आधारे तो दाणे व ऊतक यांत भेद करतो. क्वचित एखादा सूक्ष्म दोषही दाणा समजून पुसला जाण्याचा धोका असतो. शिवाय, धमनीतील कॅल्शियमचा साठा आहे त्याहून मोठा दिसणे किंवा हृदयाच्या ठोक्यांमुळे चित्र हलणे, हे दोष केवळ दाणे घालविल्याने नाहीसे होत नाहीत. म्हणूनच अंतिम निर्णय रुग्णाची लक्षणे जाणणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

वाचकांनी एवढे अवश्य करावे: तपासणीपूर्वी मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाची औषधे, पूर्वी अशा द्रव्याने झालेला त्रास किंवा गर्भधारणा यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. यंत्र कितीही शिकलेले असले, तरी या गोष्टी रुग्णानेच सांगावयाच्या असतात.