जाहीर नोटीस आणि आपले आरोग्य

सकाळी वर्तमानपत्र हाती आले की आपण प्रथम काय वाचतो? कोणी अग्रलेख वाचतो, कोणी क्रिकेट, कोणी राशिभविष्य. आतल्या पानावर एका कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेला एक मजकूर मात्र सहसा कोणी वाचत नाही. ‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की...’ अशी त्याची सुरुवात असते. पुढे सर्व्हे नंबर, कलमे, आरक्षण क्रमांक यांची रांग लागते आणि शेवटी मुख्याधिकाऱ्यांची सही असते. ही नगरपालिकेची जाहीर नोटीस. मीही ती कधी वाचली नव्हती. ती वाचायला हवी होती हे मला फार उशिरा कळले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. शहराच्या विकास आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी राखलेली होती. आम्ही तेथे विटीदांडू आणि क्रिकेट खेळलो, आणि पावसाळ्यात साऱ्या गल्लीचे पाणी तेथे जाऊन मुरत असे. एके दिवशी त्या जागेभोवती पत्रे ठोकले गेले. आळीतली चार वडीलधारी मंडळी नगरपालिकेत चौकशीला गेली, तेव्हा समजले की आरक्षणात रीतसर फेरबदल झाला आहे. नोटीस वर्तमानपत्रात आली होती, मुदत दिली होती, मुदत संपली होती आणि एकही हरकत आली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आले. पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत ते आठवडेच्या आठवडे साचून राहिले आणि गल्लीत डेंग्यूची साथ आली. माझ्या धाकट्या बहिणीला आठ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. डास याच खड्ड्यांतले होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण बांधकामाचा कागद आणि आरोग्याचा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या आठ दिवसांत माझ्या मनात पक्के झाले. त्यांचे नाते कसे जुळले आणि त्यात आपल्यासारख्या नागरिकांचे स्थान काय, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

परवानगी कशासाठी?

‘जागा माझी, पैसा माझा, मग घर बांधायला नगरपालिकेची परवानगी कशाला?’ हा प्रश्न आपण पुष्कळदा ऐकतो. वरवर तो बिनतोड वाटतो. परंतु घर एकट्याचे असले तरी त्याचे सांडपाणी, त्याची सावली आणि त्याच्या संडासाची टाकी ही एकट्याची नसतात. माझी भिंत वर गेली की शेजाऱ्याचे ऊन जाते. माझी मोरी तुंबली की त्याच्या विहिरीचे पाणी नासते. परवान्याची कल्पना निघाली ती या साध्या अनुभवातून.

इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ साली कष्टकरी वर्गाच्या वस्त्यांतील आरोग्यावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. पुढे कॉलऱ्याच्या साथीचे सावट असताना १८४८ साली तेथे सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा झाला. घराला गटार असलेच पाहिजे, संडास असलाच पाहिजे, ही सक्ती प्रथम आरोग्याच्या कायद्यातून आली. नगररचनेचे स्वतंत्र कायदे नंतर झाले. थोडक्यात सांगायचे तर नगररचना हे आरोग्यखात्याचेच अपत्य होय.

प्लेगने शिकविलेला धडा

आपल्याकडे हा धडा शिकविला तो प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोमंतकीय डॉक्टरांनी पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, दाटीवाटीच्या घरांचा आणि अंधाऱ्या खोल्यांचा भाग. थोड्याच महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. साथ पुण्यात पोचली, आणि रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने मृत्यू आला.

सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला आणि सोल्जर घराघरांत घुसवून झडत्या सुरू केल्या. माणसे ओढून नेली, सामान जाळले, देवघरापर्यंत बूट गेले. उद्देश आरोग्याचा होता, पण रीत जुलमाची होती. परिणामी जून १८९७ मध्ये पुण्यात रँडचा वध झाला. तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. त्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ज्यांच्या घरांवर हे उपाय चालले होते, त्यांना कोणीही काही विचारलेले नव्हते.

साथीनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, रोगट घरे पाडायची आणि उत्तरेकडे नव्या वसाहती वसवायच्या हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती या त्याच्याच खुणा. परंतु या ट्रस्टमध्ये लोकांनी निवडलेले सभासद थोडेच होते. घरे पाडण्याचे काम झपाट्याने झाले. गरिबांसाठी नव्या चाळी मात्र मागाहून आणि अपुऱ्या उभ्या राहिल्या. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि एका वस्तीतली दाटी दुसऱ्या वस्तीत गेली. न विचारता केलेल्या सुधारणेची ही दुसरी बाजू होय.

साडेत्रेसष्ट अंशांची रेषा

या काळातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी चाळींतील उजेड आणि हवा यांचा प्रश्न हिरीरीने मांडला. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा होता. नाव अवघड असले तरी नियम सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर एक रेषा ओढावी. समोरच्या इमारतीने ती रेषा छेदता कामा नये. भूमितीच्या हिशेबाने याचा अर्थ असा, की समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये निदान २० फूट मोकळी जागा हवी. म्हणजे उंचीच्या निम्मे अंतर. तेवढे असले की तळमजल्याच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा दिसतो.

जुन्या मुंबईत दोन चाळींच्या मध्ये जी चिंचोळी घरगल्ली असे, तिच्यातून मैला वाहून नेण्याखेरीज दुसरा उपयोग नव्हता. खिडक्या तिच्यावरच उघडत, आणि म्हणून त्या बंदच ठेवाव्या लागत. आज नगरपालिकेच्या नियमावलीत ‘सामासिक अंतर’ असा जो शब्द येतो, तो घराभोवती सोडायच्या या मोकळ्या जागेसाठी आहे. खिडक्यांचेही असेच माप आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दमट उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्या व झडपा यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश, तर कोरड्या उष्ण प्रदेशात एक दशांश असावे लागते. ही मापे कारकुनाने नागरिकाला अडविण्यासाठी शोधून काढलेली नाहीत. त्यांच्यामागे माणसांचे मृत्यू आहेत.

धडा विसरला तर

हा धडा विसरला तर काय होते, याचे उदाहरणही मुंबईतच आहे. गोवंडी-मानखुर्द भागात प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या काही पुनर्वसन वसाहतींत बहुमजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तेथे केलेल्या पाहणीत, ऊन व वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. यात आश्चर्य काही नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत ते रेंगाळतात आणि वाहत्या हवेत व उन्हात त्यांचा जोर राहत नाही. पुनर्वसनासाठी नियम सैल केले गेले, आणि त्याची किंमत तेथे राहणाऱ्यांनी दिली.

पाण्याचेही तसेच. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा शोध घेतला. तेव्हा हिवतापाचे डास दूरच्या दलदलीत नसून घराघरांच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतात, असे त्यांना आढळले. आज विहिरी थोड्या उरल्या, पण बांधकामे वाढली. पायाचे खड्डे, सिमेंटवर मारण्यासाठी साठविलेले पाणी, उघडी पिंपे ही डासांची नवी माहेरघरे झाली. डासाच्या अंड्यापासून पंखवाला डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा सगळी पाण्याची भांडी कोरडी करा असे आरोग्यखाते सांगते. हाच नियम ठेकेदारालाही लागू आहे.

अर्जाचा प्रवास

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. त्याखाली प्रत्येक नगरपालिकेला विकास आराखडा करावा लागतो आणि निदान वीस वर्षांतून एकदा त्याची फेरतपासणी करावी लागते. शाळा, दवाखाना, बाजार, मैदान, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र यांसाठी कोणती जागा राखायची ते त्यात ठरते. मसुदा तयार झाला की तो लोकांसमोर ठेवणे आणि हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. ज्यांनी हरकत घेतली त्यांना नियोजन समितीपुढे आपले म्हणणे मांडता येते. पुढे आराखड्यात लहानसा फेरबदल करायचा झाला तरी कलम ३७ प्रमाणे पुन्हा नोटीस काढावी लागते. आमच्या मैदानाची नोटीस होती ती हीच.

शिवाय राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नगरपालिकेला नोटीस देऊ शकतो; त्या नोटिशीच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. याचा अर्थ असा की आराखड्यावर हिरव्या रंगात दिसणारे मैदान आपोआप मैदान राहत नाही. त्यासाठी कोणीतरी सतत विचारत राहावे लागते.

प्रत्यक्ष घर बांधण्याचा अर्ज वेगळा. त्यासोबत मालकीचे कागद आणि नकाशे जोडावे लागतात. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र बांधकाम नियमांत बसणारे असले पाहिजे. काम पुरे झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते हाती येण्यापूर्वी राहायला जाणे बेकायदा आहे. इंग्लंडात एखाद्याने बांधकामाचा अर्ज केला की शेजाऱ्यांना कळवितात आणि साधारण २१ दिवस त्यांचे म्हणणे ऐकून घेतात. आपल्याकडे एकेका घराच्या अर्जावर अशी विचारणा होत नाही. म्हणूनच आराखड्याच्या वेळी मिळणारी संधी अधिक मोलाची ठरते.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ साली बारावे परिशिष्ट जोडले. नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांच्या त्या यादीत नगरनियोजन, बांधकामाचे नियमन, पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय एकत्र आले आहेत. कायद्याने त्यांना एका घरात आणले खरे, पण नगरपालिकेच्या इमारतीत ते अजून दोन मजल्यांवर बसतात. वरच्या मजल्यावर नकाशा मंजूर होतो आणि खालच्या मजल्यावर धूरफवारणीचे बिल निघते.

आपण काय करावे?

येथे कोणी म्हणेल, ‘हरकत घेऊन काय होणार? व्हायचे ते होतेच.’ या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. कित्येक हरकती फेटाळल्या जातात. पण फेटाळण्यासाठी सुद्धा ती हरकत नोंदवावी लागते, अर्जदाराचे म्हणणे ऐकावे लागते आणि ते कागद मागे राहतात. पुढे कोणी न्यायालयात गेला तर पहिला प्रश्न हाच येतो, की मुदतीत हरकत घेतली होती काय? आमच्या गल्लीपाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते.

हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या मराठीत, नोटिशीचा क्रमांक व तारीख, जागेचा सर्व्हे नंबर आणि आपले म्हणणे कारणांसह लिहावे. आवक खिडकीवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. मुदत नोटिशीतच छापलेली असते. नकाशा नगरपालिकेत पाहायला मिळतो. न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. ‘मैदान हवे’ एवढेच न लिहिता ‘या जागेत पावसाचे पाणी मुरते, आळीत इतकी मुले आहेत, जवळपास दुसरे मैदान नाही’ असे लिहिले तर त्या अर्जाला वजन येते.

हे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी का करू नये? राज्यशास्त्राच्या वर्गात आपण स्थानिक स्वराज्य संस्था शिकतो, भूगोलाच्या तासाला नकाशे वाचतो आणि मराठीच्या तासाला अर्जलेखन करतो. आपल्या वाचनालयात रोज पाच-सहा वर्तमानपत्रे येतात. त्यांतल्या जाहीर नोटिसा कापून फलकावर लावणे आणि त्याखाली सोप्या भाषेत चार ओळी लिहिणे एवढे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी उचलले, तरी पुष्कळ गल्ल्यांना वेळेवर जाग येईल. आमच्या प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

१८९७ साली घरात बूट घालून शिरणाऱ्या सरकारने लोकांना काही विचारले नव्हते, म्हणून लोक संतापले. आज कायदा विचारतो. बारीक टाइपात का होईना, ‘तुमची काही हरकत आहे काय?’ असे छापून विचारतो. आता उत्तर देण्याची पाळी आपली आहे. बहीण बरी झाली आणि शाळेत जाऊ लागली. मैदान मात्र परत येणार नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी वर्तमानपत्र आतल्या पानापासून वाचले जाते.