रुग्णवाहिका येईपर्यंत कोण?

१०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पैसे लागत नाहीत, सोबत डॉक्टर असतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि आपल्या वस्त्यांना तिचा मोठा आधार आहे. पण गाडी येते ती रस्त्यापर्यंत. पुढे चिंचोळी गल्ली, गटारावरची फरशी, लोखंडी जिना आणि माळ्यावरचे घर. पेशंट असतो त्या घरात.

माझी बरीच वर्षे कॅज्युअल्टीत गेली. मधल्या वेळात घरी काय झाले, ते पेशंटकडे बघूनच कळायचे. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालून मोडलेला दात. साप चावलेल्या पायाला करकचून बांधलेली दोरी. हे सगळे मायेपोटी केलेले असते. माया असते, माहिती नसते.

हृदय बंद पडले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात गाडी क्वचितच पोहोचते. पोहोचतो तो शेजारी. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: प्रत्येक गल्लीत तीन माणसे प्रथमोपचार शिकलेली हवीत.

वस्तीतल्या माणसांना हे जमेल का, असे कोणी विचारले तर अमेरिकेतले उदाहरण सांगा. पिट्सबर्ग शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या लोकांच्या वस्तीत पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत असत. वाटेत उपचार नाहीत. १९६७ मध्ये तिथे फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. डॉ. पीटर सफार यांनी त्याच वस्तीतल्या, हाताला काम नसलेल्या तरुणांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण दिले. या तरुणांनी रस्त्यावर, घराघरांत जाऊन जीव वाचवले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झाले. पण अमेरिकेतल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ज्यांना समाज बिनकामाचे म्हणत होता, त्यांनीच ही वाट पाडली.

आपल्याला ३०० तास लागणार नाहीत. सुरुवातीला एवढे पक्के करा:

माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो: १०८ ला फोन करा, त्याला कडक जमिनीवर उताणे झोपवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात की दुसऱ्याने घ्यावे. थांबू नका.

रक्त वाहत असेल: स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखे उचलून बघू नका.

भाजले असेल: २० मिनिटे नळाचे पाणी सोडा. बर्फ, हळद, शाई, पेस्ट काही नको.

फिट आली असेल: आजूबाजूच्या वस्तू सरकवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, चमचा काही नको.

विजेचा धक्का बसला असेल: आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा.

बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. इंजेक्शन, गोळ्या हे आपले काम नाही.

तिघांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने पेशंटजवळ थांबावे. दुसऱ्याने फोनवर खूण नीट सांगावी, उदाहरणार्थ विहाराच्या मागची तिसरी गल्ली. तिसऱ्याने रस्त्यावर उभे राहावे, गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकली हलवाव्यात आणि गाडीवाल्यांना घरापर्यंत आणावे. जिन्यावरून स्ट्रेचर वळत नसेल तर पेशंटला कसे उतरवायचे, याचा सराव आधीच करून ठेवा.

तिघांत दोन तरी बाया असाव्यात. दुपारी पुरुष कामावर असतात, घरी असतात त्या आई, सून, कॉलेजची मुलगी. बाईपेशंटला हात लावायला पुरुष कचरतात, तीही अडचण सुटते.

पोलिसांच्या भीतीने कोणी मागे सरू नये. रस्त्यावरच्या अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चे संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते आले. त्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. येत्या रविवारी विहारात बैठक असेल तेव्हा हा विषय मांडा. गल्लीवार तीन नावे आणि फोन नंबर फळ्यावर लिहा. हातमोजे, गॉज, पट्ट्या आणि बॅटरी असलेली एक पिशवी विहारात ठेवा, पण तिची किल्ली रात्रीही सापडेल अशा घरी द्या.