हळदीचा पिवळेपणा आणि शिशाचे ओझे

आपल्या मराठी घरात हळदीचे स्थान निव्वळ मसाल्याच्या डब्यापुरते मर्यादित नाही. बाळंतिणीच्या आहारापासून लग्नातल्या हळदीपर्यंत आणि लचकलेल्या पायावरच्या लेपापासून चैत्रातल्या हळदीकुंकवापर्यंत तिचा संचार असतो. माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या पूर्वजांनी भाषेबरोबर हे सारे संस्कारही सोबत आणले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. ‘खोकला झालाय, हळद घालून दूध देऊ का?’ असे एखाद्या आईने विचारले की ‘अवश्य द्या’ हे उत्तर मीही वर्षानुवर्षे देत आले. अलीकडे मात्र त्या उत्तराला मी एक प्रश्न जोडते : ‘हळद कुठून आणता?’ हा प्रश्न माझ्या तोंडी कसा आला, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

एक चुकलेले निदान

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. मूल फिकट दिसत होते, चिडचिडे होते, पोट दुखते म्हणून अधूनमधून रडत होते आणि त्याला बद्धकोष्ठता होती. हिमोग्लोबिन आठ. आपल्या देशात अशा मुलाला आपण काय देतो? जंताचे औषध आणि लोहाचे सिरप. मीही तेच दिले. तीन महिने गेले, हिमोग्लोबिन हलले नाही. आई औषध नियमित देत नसावी, असा मी मनाशी निष्कर्ष काढला आणि तिला थोडे रागावलेही.

थॅलेसेमियाची शंका आली म्हणून रक्त पुन्हा तपासायला पाठवले. आमच्या ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टांचा फोन आला. ‘लाल पेशींवर निळसर ठिपके आहेत. मुलाचे वडील काय करतात?’ मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. वडील जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे घराच्या अंगणात वितळवत असत आणि मूल त्याच अंगणात खेळत असे. रक्तातील शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५२ मायक्रोग्रॅम निघाले.

शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे दिली, वडिलांनी भट्टी घरापासून दूर हलवली, आकडा खाली आला. मला हायसे वाटले. पुढे मूल दहा वर्षांचे असताना आई त्याचे प्रगतिपुस्तक घेऊन आली. त्याचे लक्ष लागत नव्हते, वाचन मागे पडले होते, शिक्षकांच्या तक्रारी होत्या. तिने विचारले, ‘डॉक्टर, औषधाने विष निघाले ना?’ रक्तातले निघाले होते. मेंदूचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्या दिवसापासून मी या विषयावरचे संशोधन नेमाने वाचू लागले.

सरकत गेलेली रेषा

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन वावरते. त्या सोंगाने ते आतड्यातून शोषले जाते, मेंदूत शिरते, चेतापेशींच्या जोडण्यांमध्ये लुडबूड करते आणि हाडांमध्ये दशकानुदशके मुक्काम ठोकते. प्रौढ माणूस पोटात गेलेल्या शिशाचा सुमारे दहावा हिस्सा शोषतो, तर लहान मूल निम्म्यापर्यंत शोषू शकते. शरीरात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आपल्या देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे शिशासाठी दार उघडून ठेवलेली ही मुले आहेत.

किती शिसे ‘सुरक्षित’ मानावे, याचा इतिहास वैद्यकशास्त्राला नम्र करणारा आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता करीत नसत. ही रेषा १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १० आणि २०१२ मध्ये ५ वर आली. २०२१ पासून तेथे ३.५ हा संदर्भ आकडा धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ५ किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास शिशाचा उगम शोधून तो दूर करावा, असे सांगितले आहे.

रेषा खाली आणण्यामागे काही थोर अभ्यास आहेत. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतले शिसे मोजले. विषबाधेचे कोणतेही लक्षण नसलेल्या या मुलांमध्ये, ज्यांच्या दातांत शिसे अधिक त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गातली एकाग्रताही कमी आढळली. त्याच मुलांचा मागोवा घेतला तेव्हा १९९० मध्ये दिसले, की अधिक शिसे असलेल्यांनी शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता सुमारे सातपट होती. २००५ मध्ये ब्रूस लॅनफियर आणि सहकाऱ्यांनी सात अभ्यासांतील १३३३ मुलांची माहिती एकत्र तपासली. रक्तातील शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक ३.९ अंकांनी घसरतो, तर १० वरून २० वर जाताना १.९ अंकांनीच. म्हणजे अल्प मात्रेतला प्रत्येक मायक्रोग्रॅम अधिक नुकसान करतो. ज्या मुलाकडे पाहून आपल्याला काहीच संशय येत नाही, तेच मूल सर्वाधिक गमावत असते.

आणि औषध? २००१ मध्ये ७८० मुलांवरील एका काटेकोर चाचणीचे निष्कर्ष आले. २० ते ४४ मायक्रोग्रॅम प्रमाण असलेल्या या मुलांना सक्सिमर दिल्यावर रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धीच्या चाचण्यांत औषध घेतलेली आणि न घेतलेली मुले सारखीच राहिली. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मी प्रत्यक्ष देण्याच्या कितीतरी आधी छापून आले होते.

बांगलादेशातील शोधकथा

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने ते बंद केल्यावर जगातील मोटारींसाठीचे असे पेट्रोल संपले. घरगुती रंगांसाठी आपल्याकडे २०१६ मध्ये नियम होऊन शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० इतकी ठरली. मग आता शिसे येते कुठून? या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर बांगलादेशातून मिळाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्साइथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी ग्रामीण भागातील ४३० गर्भवती स्त्रियांचे रक्त तपासले. हीच ती संस्था, जिच्या कामामुळे जलसंजीवनी आपल्या हाती आली. गावांत कारखाने नाहीत, मोटारींची वर्दळ नाही, तरीही ३१ टक्के स्त्रियांमध्ये शिसे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक निघाले. माती, कीटकनाशके, धान्याचे व खाद्यपदार्थांचे डबे अशा अनेकांवर संशय घेण्यात आला.

निवाडा केला तो शिशाच्या समस्थानिकांनी. प्रत्येक खाणीतील शिशात समस्थानिकांचे आपापले गुणोत्तर असते आणि ते बोटांच्या ठशासारखे उपयोगी पडते. स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा ठसा जुळला तो हळदीतील लेड क्रोमेटशी. लेड क्रोमेट हे झळझळीत पिवळे रंगद्रव्य आहे आणि ते लाकडी सामान किंवा खेळणी रंगवण्यासाठी वापरतात.

पुढचा प्रश्न होता, हा रंग हळदीत कोण आणि का घालतो? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधक शेतकऱ्यांपासून घाऊक व्यापाऱ्यांपर्यंत साऱ्यांशी बोलले. १९८० च्या दशकातील एका मोठ्या पुरात हळद भिजली आणि काळपट पडली. गिऱ्हाईक तर पिवळीधमक मागत होते. तेव्हा हळकुंडे पॉलिश करताना रंग टाकण्याची युक्ती निघाली, ती पूर ओसरल्यावरही राहिली. निकृष्ट हळकुंडे त्यात खपून जात. प्रमुख हळद-उत्पादक नऊ जिल्ह्यांपैकी सात जिल्ह्यांत या भेसळीच्या खुणा सापडल्या.

या कथेत कोणी खलनायक शोधू लागलो, तर हाती फारसे लागत नाही. पॉलिश करणारा कामगार स्वतःच ती धूळ श्वासात घेत होता. व्यापाऱ्याला ते फक्त ‘रंग’ म्हणून माहीत होते. आणि गिऱ्हाईक आपल्या मुलांसाठी उत्तमातली उत्तम, म्हणजे अधिकाधिक पिवळी हळद निवडत होते. डोळ्याने केलेली पारख येथे मुलांच्या मुळावर आली.

दोन वर्षांत पालटलेले चित्र

या शोधकथेचा उत्तरार्ध मात्र उमेद देणारा आहे. बांगलादेशच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे निष्कर्ष मनावर घेतले. वृत्तपत्रांतून इशारे दिले, बाजारांत सुमारे ५० हजार सूचनापत्रके वाटली आणि ढाक्याच्या श्यामबाजारात क्षणार्धात शिसे ओळखणारे हातातले क्ष-किरण यंत्र घेऊन धाड घातली. दोन व्यापाऱ्यांना मिळून ८ लाख टका दंड झाला आणि ती बातमी सर्वदूर पोहोचली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळत होते, ते २०२० च्या आरंभी ५ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये शून्यावर आले. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सरासरी सुमारे ३० टक्क्यांनी घटले. या यशाचा वृत्तान्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान, शासन आणि प्रसारमाध्यमे एकाच दिशेने चालली, तर दोन-तीन दशकांची वाईट चाल दोन वर्षांत मोडता येते, हा त्याचा अर्थ.

आपल्या स्वयंपाकघरात डोकावताना

शेजाऱ्याच्या घरातली कथा म्हणून हे मिटून ठेवता येत नाही. त्याच संशोधकांनी भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका यांतील २३ शहरांमधून हळदीचे ३५६ नमुने घेतले. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार १४ टक्के नमुन्यांत शिसे दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमहून अधिक होते. आपल्या नियमांनुसार हळदीत शिशाची कमाल मर्यादा दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम असून लेड क्रोमेट मुळीच असता कामा नये. पाटण्याच्या एका नमुन्यात मात्र दर ग्रॅमला २,२७४ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. पॉलिश केलेली हळकुंडे अधिक दोषी आढळली, तर वेष्टनातील हळदीत शिसे साधारणतः कमी होते. ‘हळकुंडे आणून घरी दळली की निर्धास्त’ हा आपला जुना समज येथे अपुरा पडतो.

धोका हळदीत नाही, तिला लावलेल्या रंगात आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सांगलीच्या बाजारपेठेने देशभर पोहोचवलेली हळद बदनाम करण्याचा माझा हेतू नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत सफरचंदाच्या गराच्या पाकिटांतील दालचिनीतूनही लेड क्रोमेटसारखीच भेसळ बालकांपर्यंत पोहोचली आणि ५०० हून अधिक जण बाधित झाल्याची नोंद झाली. फरक एवढाच, की तेथे लहान मुलांच्या रक्तातील शिसे नेहमीच्या तपासणीत मोजले जाते, म्हणून प्रकार उघडकीस आला. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आहे आणि त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी भारतात आहेत. आपण मोजत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

लोहाला प्रतिसाद न देणारा रक्तक्षय, कारण न सापडणारी पोटदुखी, उशिरा बोलणे किंवा अचानक वाढलेला हट्टीपणा समोर आला, की मी आता काही साधे प्रश्न विचारते. घरात कोणी बॅटरी, भंगार, धातूचे ओतकाम, चांदी गाळणे किंवा रंगकाम करते का? मुलाच्या डोळ्यांत काजळ, सुरमा घालता का? मूल माती किंवा भिंतीचे पोपडे खाते का? घरी कुठले भस्म किंवा गावठी औषध चालू आहे का? आणि मसाले सुटे घेता की वेष्टनातले? याला दोन मिनिटे लागतात. शंका आल्यास रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

आयांना मी सांगते, की अतिपिवळ्या हळदीचा मोह टाळा, परवाना क्रमांक असलेली वेष्टनातील हळद घ्या आणि पाण्याच्या ग्लासात हळद टाकून बघण्याच्या घरगुती परीक्षेवर शिशाबाबत विसंबू नका. जेवणापूर्वी मुलाचे हात धुवा, ओल्या फडक्याने फरशी पुसा आणि लोह व कॅल्शियम आहारात कमी पडू देऊ नका. यांत खर्चिक असे काहीच नाही.

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो. शिशाचे काम नेमके उलट आहे. ते आज पोटात जाते आणि त्याचा परिणाम सहा वर्षांनी प्रगतिपुस्तकात उमटतो. त्या मुलाच्या आईला मी औषध न देण्याबद्दल रागावले होते. ती औषध रोज देत होती. प्रश्न विचारायचा राहिला होता तो माझ्याकडून. आपल्यापैकी कोणाच्या तपासणी-खोलीत तो प्रश्न या लेखामुळे एकदा जरी विचारला गेला, तरी तिचे थोडे ऋण फिटले असे मी समजेन.